दातवण, हाडाचा ब्रश आणि दातांवरचं किटण

(‘वाचक विचारतात’ या सदरात या वेळी दातांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत कराडच्या एक निवृत्त दंतवैद्य. 32 वर्षं दवाखाना चालवल्यावर आता त्यांना जुन्या दातांचा नाद लागला आहे.)

प्रश्न : नातीच्या शाळेत प्रश्नमंजुषा होती. ‘टूथब्रशचा शोध कोणी लावला?’ असा प्रश्न आला. नातीनं मोबाइलवर वाचलेलं लिहिलं, चीनचा सम्राट, 1498. बाईंनी ते चूक दिलं. त्यांच्या कागदावर विल्यम ॲडिस, इंग्लंड, 1780 असं होतं. घरात सगळ्यात जुने दात माझ्या आईचे. ती म्हणते, “आम्ही बाभळीची काडी चावायचो, तिचा शोध कोणी लावला ते विचार.” जमिनीतून निघालेल्या पुराव्यावरून यातलं खरं कुणाचं?
– एक आजोबा, बार्शी

उत्तर : तुमच्या आईंना पैकीच्या पैकी. नातीला पन्नास टक्के द्या, योग्य देशापर्यंत तरी ती पोचली. बाईंचं उत्तर मात्र मी चूक देईन, आणि ते त्यांना जरा गोडीनं सांगा.

ॲडिस यांची गोष्ट फर्मास आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं खपते आहे. दंगलीत सापडून तुरुंगात गेलेला माणूस. जेवणातलं एक हाड बाजूला ठेवतो, त्याला भोकं पाडतो, पहारेकऱ्याकडून थोडे राठ केस मिळवतो आणि भोकांत बसवतो. ही कहाणी त्या घराण्याच्या कारखान्यातूनच पुढे आलेली आहे, तेव्हा तिच्यावर विश्वास कितपत ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. 1780च्या सुमारास त्यांनी लंडनमध्ये ब्रश करून विकायला सुरुवात केली, एवढं खुशाल धरा. पण ऑक्सफर्डचे अँथनी वुड नावाचे एक टिपणबहाद्दर गृहस्थ होते. त्यांनी 1690 मध्येच टूथब्रश विकत घेतल्याचं लिहून ठेवलं आहे. ॲडिस जन्मले 1734 साली. म्हणजे दुकानात ब्रश मिळायला लागल्यावर 44 वर्षांनी ब्रशचे ‘जनक’ जन्माला आले!

आता नातीचं 1498. हे साल मिंग घराण्यातल्या सम्राटाच्या नावावर जगभर फिरतं. पण 1950च्या दशकात चीनच्या उत्तरेला, आतल्या मंगोलियातल्या छ्रफंगजवळ, ल्याव राजवटीतली एक कबर उघडली गेली. राजाच्या जावयाची कबर, साल 959. तीत दोन हाडाच्या मुठी मिळाल्या. एका टोकाला दोन ओळींत आठ भोकं. केस कधीच कुजून गेलेले, पण भोकं पाहिल्यावर वस्तू काय आहे ते माझ्यासारखीला सांगायला लागत नाही. म्हणजे 1498च्या तब्बल 539 वर्षं आधीचा ब्रश. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण गादीवर होता.

मग 959 हे ‘पहिलं’ साल का? तर तेही नाही. तो फक्त सापडलेला ब्रश. ज्याच्या घरचे लोक कबरीत ब्रशसुद्धा ठेवतात अशा माणसाचा, आणि हाडाचा, म्हणून तो उरला. तुमच्या आईंनी बाभळीची काडी चावली, उभी चिरून जीभ खरवडली आणि परसात फेकली. पहिल्या पावसात तिची माती झाली. उत्खननवाल्यांनी तुमच्या परसात हात-दोन हात खोल खणलं, तर त्यांना बांगडीचा तुकडा मिळेल, पणती मिळेल, काडी मिळणार नाही. आणि मग कुणी पीएच.डी.वाला लिहील की बार्शीत दात घासण्याचा पुरावा आढळत नाही.

हाडाचा ब्रश मी हातात घेऊन पाहिला आहे, तेव्हा दोन मिनिटं त्याचं सांगते. माझी मुलगी लंडनला असते. तिच्या शेजारच्या बाईंकडे थेम्सच्या काठावर ओहोटीला चिखल धुंडाळायचा रीतसर परवाना आहे. त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यातून कापसात ठेवलेला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. वीतभरही नाही, मुठीचा निम्मा भाग गेलेला, आणि मोडलेला कुठे, तर मानेत. आपलेही ब्रश तिथेच मोडतात! रंग जुन्या तुपासारखा. अंगावर काळसर बारीक रेघा. हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा त्या. हस्तिदंतावर अशा रेघा नसतात, हे ओळखायची साधी खूण. पुढून चार ओळींत भोकं, आणि उलटा केला तर पाठीवर त्याच चार ओळींत नखानं ओढल्यासारखे लांब चरे. हे चरे कशाला, ते मला आधी कळेना. बाईंनी सुईदोऱ्यानं करून दाखवलं. केसांचा झुबका मधोमध दुमडायचा, पाठीकडून तार घालून तिच्या फासात तो अडकवायचा आणि ओढून भोकात बसवायचा. मग पुढचं भोक, पुढचा झुबका, एकाच तारेत सगळी ओळ. तार चरात दडते, वरून चर बुजवायचा. केस गेले, तारही गेली; पण चरात शेवाळासारखा हिरवा डाग होता. पितळेच्या तारेचा तेवढाच मागमूस.

ते केस रानडुकराचे असायचे, शक्यतो थंड मुलखातल्या, सैबेरिया आणि उत्तर चीनकडच्या. तिथल्या जनावराचा केस जास्त राठ. नायलॉनचा ब्रश अमेरिकेत बाजारात आला तो 1938 मध्ये. आपल्याकडच्या कित्येक घरांत ब्रशला आधी देवघरापासून लांब ठेवायचे, त्यामागे हा केसांचा संशयही होता. माझ्या आजेसासूबाई त्याला ‘तो झाडू’ म्हणायच्या.

आता काडी. तिचा पुरावा मातीत नाही, पोथ्यांत आहे, आणि तो भरपूर आहे. सुश्रुतसंहितेत दातवणाचं माप दिलं आहे : 12 अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, गाठ नसलेलं. कडूत कडुनिंब, तुरटात खैर, तिखटात करंज, गोडात मोह उत्तम, असंही आहे. चरकानं दिवसातून दोन वेळा दात घासायला सांगितलं आहे. हे मी पेशंटांना सांगून थकले, निदान चरकाचं तरी ऐका.

माझा आवडता पुरावा बौद्ध भिक्खूंच्या नियमांतला, विनयपिटकातला. बुद्धांनी दातवण वापरायची परवानगी दिली. झालं, काही टारगट भिक्खू लांबलचक दातवणं घेऊन हिंडू लागले आणि त्यांनीच लहान सामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्खूंना, झोडपू लागले. म्हणून नियम झाला : आठ अंगुळांहून लांब नको. मग कुणीतरी इतकं आखूड दातवण वापरलं की ते घशात अडकलं. म्हणून दुसरा नियम : चार अंगुळांहून आखूड नको. नियमामागे खरी माणसं असल्याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. एवढा तपशील कुणी कल्पनेनं लिहीत नाही.

सातव्या शतकात ईत्सिंग हा चिनी भिक्षू नालंदाला राहून गेला. त्यानं दंतकाष्ठ हा शब्द फोडून सांगितला आहे, दंत म्हणजे दात, काष्ठ म्हणजे लाकूड. त्याच्या संघाचं माप वेगळं, कमाल 12 अंगुळं आणि किमान आठ. हिंदुस्थानात दातदुखी फार क्वचित, ती या काडीमुळे, असंही तो लिहितो. आणि चिनी लोक याला ‘विलोची फांदी’ म्हणतात यावर त्याचा आक्षेप आहे, कारण विलो इकडे फारसा नाहीच. पण त्याचं कोण ऐकतो! तेच चुकीचं नाव चीनमधून जपानात गेलं. जपानी भाषेत दात कोरायच्या काडीला आजही ‘त्सुमायोजी’ म्हणतात, आणि त्यातला ‘योजी’ म्हणजे विलोची फांदी. तुमच्या आईंची काडी वेष पालटून टोकियोच्या हॉटेलात टेबलावर बसली आहे म्हणा ना.

काडी आणि ब्रश समोरासमोर आले त्याची नोंदही आहे. 1223 मध्ये जपानचा झेन भिक्षू दोगेन चीनला गेला. तिथल्या मठांत त्यानं शिंगाच्या मुठीत घोड्याचे केस बसवलेले ब्रश पाहिले. त्याला ते बिलकूल रुचलं नाही. काडी सोडून लोकांनी हे काय धरलं, आणि काडी न वापरणाऱ्यांशी बोलताना दोन-तीन फुटांवरून तोंडाला घाण येते, अशी त्याची तक्रार आहे. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणणारे तुमच्या घरीच आहेत असं समजू नका.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. संग्रहालयात हजारो वर्षांपूर्वीच्या कवट्या पाहिल्या, दात चांगले मजबूत दिसले. पेस्ट नाही, ब्रश नाही, तरी असे दात. मग आपण रोज करतो ते सगळं फुकट का?
– फलटण

उत्तर : बाळा, काचेआड ठेवायला कुणी किडक्या दातांची कवटी निवडत नाही. तुझ्या डोळ्यांसमोर आल्या त्या निवडक. शिवाय कित्येक माणसं दात किडायच्या वयापर्यंत पोचतच नव्हती.

किडके दात होतेच. बलुचिस्तानात मेहरगढ इथे 7,500 ते 9,000 वर्षांपूर्वीच्या दफनांत नऊ माणसांच्या 11 दाढांना चक्क गिरमिटानं भोकं पाडलेली आढळली. गारगोटीच्या टोकाचं गिरमिट, धनुष्याच्या दोरीनं फिरवायचं, तिथले कारागीर मण्यांना भोकं पाडायला वापरत तेच. संशोधकांनी तसं करून पाहिलं, तर एका मिनिटाच्या आत भोक पडलं. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा मी कात्रण दवाखान्यात लावलं होतं. खुर्चीत बसून “बाई, दुखेल का?” विचारणाऱ्याला मी बोटानं तिकडे दाखवायची. त्या भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत, म्हणजे माणसं नंतर जगली आणि त्याच दाढांनी जेवली. यातल्या चारच दातांवर कीड दिसते. बाकीच्यांना भोकं का पाडली, यावर मी रात्री-अपरात्री विचार केला आहे.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र किटणात आहे. रात्री ब्रश न करता झोपलास की दातांवर जो बुळबुळीत थर बसतो, त्यात लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट उतरतं आणि थर दगडासारखा होतो. हिरडीच्या कडेला पिवळट-करडं दिसतं ते हे. घट्ट होताना त्यात जे तोंडात असेल ते गाडलं जातं. पिठाचे कण, परागकण, जंतू, धूर. माणूस पुरला की मांस जातं, केस जातात, किटण मात्र दाताला चिकटून राहतं.

आता गंमत बघ. 32 वर्षं मी काय केलं? समोरच्याच्या दातांवरचं किटण खरवडलं आणि “थुंका” म्हटलं. कराडच्या आसपासच्या हजारो माणसांनी काय खाल्लं, कुठला धूर ओढला, कुठली मशेरी लावली, याची सगळी कागदपत्रं माझ्या बेसिनमधून वाहून गेली. पुरातत्त्ववाले तेच चिमूटभर किटण पारदर्शक पिशवीत घालून, चिठ्ठी लावून नेतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

त्यातून काय निघतं ते सांगते. सुदानमध्ये व्हाइट नाईलच्या काठी अल खिदाय नावाची जागा आहे. तिथल्या सांगाड्यांच्या किटणात एका वनस्पतीचे अंश मिळाले, शेतीच्या आधीच्या काळापासून पुढे हजारो वर्षं. ती वनस्पती कुठली? आपला नागरमोथा! तुझ्या घरचं शेत असेल तर वडिलांना विचार, लव्हाळा म्हणून कपाळाला हात लावतील. कितीही उपटा, खाली गाठ राहतेच. दिवाळीच्या उटण्यात मात्र त्याच गाठींची पूड पैसे मोजून घालतो. तर तिथल्या साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांत किडीचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं. नागरमोथ्यात दात किडवणाऱ्या जंतूंना अटकाव करण्याचा गुण आहे, त्याचा हा परिणाम असू शकेल असं 2014 मध्ये संशोधकांनी मांडलं. ‘असू शकेल’ हे शब्द गाळू नकोस. नागरमोथ्याची पेस्ट काढून विकणारे ते गाळतातच.

स्पेनमधल्या अतापुएर्काच्या गुहांत 12 लाख वर्षांपूर्वीच्या मानवाच्या किटणात लाकडाचा बारीक तंतू मिळाला. खाण्यातलं लाकूड नव्हे. बहुधा दात कोरताना अडकलेला तुसा. म्हणजे काडी कुजली, तिची कुसळ उरली. बार्शीच्या आजींना हे जरूर कळवा, वरचं उत्तर मी त्यांच्या बाजूनं दिलंच आहे.

आणि एक निळं किटण. जर्मनीत डालहाइमच्या मठातल्या, साधारण 11व्या-12व्या शतकातल्या एका जोगिणीच्या दातांवर गडद निळे कण दिसले. तपासलं तर राजावर्त, म्हणजे लापिस लाझुली, अफगाणिस्तानच्या खाणीतला, त्या काळी सोन्याच्या मोलाचा. एवढा भारी रंग हिच्या तोंडात कसा? संशोधकांना सगळ्यात पटलेलं उत्तर : ती धर्मग्रंथांतली चित्रं रंगवत असणार आणि कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करत असणार. तिचं नाव कुणालाच माहीत नाही. तिनं रोज दात स्वच्छ घासले असते, तर ती चित्रकार होती हेही कळलं नसतं.

हे वाचून ब्रश टाकून देऊ नकोस. तुझ्या जेवणात साखर आहे, मैदा आहे, बाटलीतलं सरबत आहे. अल खिदायच्या लोकांच्या जेवणात ते नव्हतं. आणि पुण्याच्या जवळ असं काही पाहायचं असेल तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावचं वाच. डेक्कन कॉलेजनं तिथे बारा-तेरा हंगाम उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. तान्ही मुलं दगावली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांत घालून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. त्या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास झालेला आहे. दात घडत असताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, तर दाताच्या वरच्या कवचात खोट राहून जाते. कुठलाही ब्रश ती घासून काढू शकत नाही. मी माझ्या खुर्चीतल्या मुलांच्या दातांत त्या खुणा पाहिल्या आहेत, आणि आईला “हे बाळ लहानपणी फार आजारी होतं का हो?” असं विचारल्यावर ती चकित व्हायची.

प्रश्न : आमच्याकडे सुपारी जाळून तिच्या राखेनं दात घासायचे. कोळशाची पेस्ट हल्ली महागात मिळते. मग सुपारीची राख काय वाईट?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : वाईट एवढंच की राख खरखरीत असते. राखुंडीनं आयुष्यभर दात घासलेली माणसं मी पाहिली आहेत. दात पांढरेशुभ्र, पण हिरडीजवळ खाच पडून आत पिवळं दिसणारे. कोळशाच्या महागड्या पेस्टलाही हेच लागू.

पण तुमची सुपारी साता समुद्रापार गाजलेली आहे, हे ऐकून बरं वाटेल. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये ‘अरेका नट टूथ पेस्ट’ घरोघरी असायची. अरेका नट म्हणजे सुपारी. चिनी मातीच्या चपट्या डबीत मिळायची, झाकणावर नक्षी आणि दात-हिरड्या सुंदर करण्याची हमी. पेस्ट संपली की डबी कचऱ्यात. त्यामुळे त्या काळचे उकिरडे खणले की ही झाकणं ढिगानं निघतात, आणि शौकीन लोक ती जमवतात. आपण राख करून फेकली, त्यांनी डबीत भरून नाव छापलं, म्हणून पुरावा त्यांचा उरला.

सुपारी चघळू मात्र नका. तोंड उघडायचं कमी कमी होत जाऊन दोन बोटंही आत जात नाहीत, अशी माणसं माझ्याकडे येत. ते सुपारीचं काम.

प्रश्न : आजीच्या पेटीत चांदीच्या कडीत अडकवलेलं दातकोरणं, कानकोरणं आणि चिमटा मिळाला. ही किती जुनी पद्धत आहे? वापरू का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : पद्धत चार हजार वर्षांहून जुनी. हडप्पाच्या उत्खननात तांब्याचा असाच तीन वस्तूंचा जुडगा मिळाला आहे, टोचणी, कानकोरणं आणि चिमटा, वरच्या टोकाला एकत्र. इराकमधल्या ऊरलाही तशीच त्रिकुटं निघाली. तुमच्या आजीबाईंची वस्तू अर्थातच तेवढी जुनी नाही, पण तिचं कूळ ते.

दातकोरणं दातांत घालू नका, धातूचं टोक हिरडी फाडतं. कानकोरण्याबद्दल कानाच्या डॉक्टरांना विचारा, ते रागावतील. चिमटा बोरीबाभळीचे काटे काढायला उत्तम आहे, तेवढा दोऱ्यात ओवून हाताशी ठेवा.